शपथ झाली म्हणजे सुटलो असं नाही: अमेरिकन सिटिझनशिपचा शेवटचा टप्पा, सोलापूरकरांसाठी

या जानेवारीत गड्ड्याला (सिद्धेश्वरांच्या यात्रेला) सोलापुरात होते. होम मैदानावर भज्यांच्या गाड्यापाशी उभी होते तेवढ्यात मागून हाक आली, "अगं, तू तर अमेरिकेची सिटिझन झालीस म्हणे, मग इथं कशी काय आलीस?" आमच्या साखर पेठेतल्या जुन्या शेजारच्या काकू. त्यांचा मुलगा डॅलसला आहे, त्याचा इंटरव्ह्यू दोन महिन्यांवर आलाय आणि त्यानं शपथेनंतरच्या आठवड्याचं तिकीट काढून ठेवलंय, बहिणीच्या लग्नाचं. मी तिथंच कपाळावर हात मारला. पुढच्या चार दिवसांत असे अजून तिघं भेटले, सगळे तेच विचारायलेत, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतेय.

काकूंचा प्रश्न ऐकून हसू आलं खरं, पण प्रश्न बरोबर होता. कारण मागच्या वर्षी मी येऊ शकले नव्हते. नोव्हेंबरमध्ये शपथ झाली, ९ जानेवारीचं तिकीट आधीच काढलेलं, मला वाटलं दीड-दोन महिने म्हणजे भरपूर झाले. अमेरिकन पासपोर्ट आला वेळेत, पण भारतीय पासपोर्ट सरेंडर (म्हणजे जमा करून रद्द) होऊन परत यायचा होता आणि ओसीआयचा (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना व्हिसाशिवाय येण्याजाण्याचं कार्ड) तर फॉर्मच माझ्या चुकीनं अडकला. १३ तारखेला अक्षता सोहळा मी टेक्सासमध्ये पहाटे अडीच वाजता भावाच्या फोनवरून बघितला. सगळीकडं पांढऱ्या बाराबंद्या, सत्यम सत्यम चाललेलं, आणि भाऊ मधेच फोन खिशात घालायला लागला की मला नुसता अंधार दिसायचा.

तर खाली जे लिहिलंय ते एन-४०० (नागरिकत्वाचा अर्ज) भरून झालंय, बायोमेट्रिक्स (बोटांचे ठसे, फोटो) झालंय आणि आता इंटरव्ह्यूच्या पत्राची वाट बघायलेत अशांसाठी. मी वकील नाही. ज्यांची केस साधी सरळ आहे त्यांना हे पुरेल, ज्यांच्यावर कधी पोलिस केस झालीय, अटक झालीय, किंवा मधे सहा महिन्यांच्या वर भारतात राहिलेत त्यांनी पैसे खर्च करून इमिग्रेशन वकिलाला विचारावं, तिथं कंजूषपणा नको.

१. सगळ्यात आधी कॅलेंडर काढा

हे पहिल्या नंबरवर टाकलंय कारण बाकी कुणी सांगत नाही. शपथ घेतली त्या क्षणी दोन गोष्टी होतात. एक, ग्रीन कार्ड तिथंच काढून घेतात. दोन, भारताचं नागरिकत्व आपोआप संपतं. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या ९ व्या कलमात ते लिहिलंय, स्वतःहून दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं गेलं, त्यासाठी वेगळा अर्ज लागत नाही. म्हणजे तुमच्या ड्रॉवरमधल्या भारतीय पासपोर्टवर मुदत अजून पाच-सात वर्षांची का असेना, प्रवासाला तो चालत नाही. "कुणाला काय कळतंय, एकदा जाऊन येतो" असं सांगणारे भेटतील, मला पण भेटले. तो गुन्हा आहे, दंड बसतो आणि पुढं सरेंडरच्या वेळी पासपोर्टवरचे शिक्के बघून बरोबर सापडतं.

मग सोलापूरला जायला काय लागतं? अमेरिकन पासपोर्ट, त्यानंतर भारतीय पासपोर्टचं सरेंडर सर्टिफिकेट, त्यानंतर ओसीआय कार्ड किंवा व्हिसा. हे एकामागून एक होतं, एकाचा कागद दुसऱ्याला लागतो. या मधल्या काळात तुम्ही घरी जाऊ शकत नाही. तो काळ किती असेल ते कुणी छातीठोक सांगू शकत नाही, म्हणून माझा नियम सांगते: शपथेपासून निदान चार महिने भारताचं तिकीट काढायचं नाही.

जायचंच आहे, लग्न आहे, आई-बाबांचं ऑपरेशन आहे, तर शपथेच्या आधी जाऊन या. तोपर्यंत भारतीय पासपोर्ट आणि ग्रीन कार्ड दोन्ही चालतं. पण इंटरव्ह्यूच्या आधी जाऊन यायचं की नंतर, हे इमिग्रेशनच्या ऑफिसवर ठरतं. काही ऑफिसं इंटरव्ह्यू झाला की त्याच दिवशी दुपारी शपथ देऊन मोकळी होतात. तुमच्या भागातल्या दोघा-तिघांना विचारा. त्याच दिवशीवालं ऑफिस असेल तर इंटरव्ह्यूलाच शपथ धरून चाला आणि भारताची फेरी त्याच्या आधी उरका.

शपथेची तारीख जमत नसेल तर कारण लिहून, पत्र परत पाठवून पुढची तारीख मागता येते. पण न कळवता दांडी मारू नका. एकापेक्षा जास्त वेळा योग्य कारणाशिवाय गेला नाहीत तर अर्ज सोडून दिला असं धरतात.

२. इंटरव्ह्यूची फाइल

काय काय न्यायचं:

- इंटरव्ह्यूचं पत्र
- ग्रीन कार्ड, ड्रायव्हिंग लायसन्स
- सगळे पासपोर्ट, चालू आणि जुने, कोपरा कापलेले पण
- टॅक्स ट्रान्सक्रिप्ट (भरलेल्या टॅक्सचा सरकारी उतारा), पाच वर्षांचे (अमेरिकन नवरा किंवा बायकोच्या आधारावर तीन वर्षांत अर्ज केला असेल तर तीन वर्षांचे), आयआरएसच्या, म्हणजे तिथल्या टॅक्स खात्याच्या साइटवर फुकट मिळतात
- लग्नाचा दाखला, आधीचं लग्न मोडलं असेल तर त्याचे कोर्टाचे कागद
- मुलांचे जन्मदाखले
- पोलिस, कोर्ट, अटक असं काहीही असेल तर शेवटी काय निकाल लागला त्याची कोर्टाची सही-शिक्क्याची कॉपी, केस रद्द झाली असली तरी
- पुरुष असाल आणि १८ ते २६ या वयात अमेरिकेत ग्रीन कार्डवर होतात तर सिलेक्टिव्ह सर्व्हिसचं (गरज पडल्यास सैन्यभरतीसाठीच्या यादीचं) रजिस्ट्रेशन

लग्नाच्या दाखल्यात आपले लोक हमखास अडकतात. पंधरा वर्षांपूर्वी मंगल कार्यालयात लग्न झालं, हजार माणसं जेवून गेली, नोंदणी कुणीच केली नाही. लग्नपत्रिका आणि फोटो अल्बम घेऊन इंटरव्ह्यूला जाता येत नाही. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याखाली लग्नाची नोंदणी होते, शहरात लग्न झालं असेल तर महानगरपालिकेत, उशिरा पण करता येते, फक्त दोघांनी हजर असावं लागतं आणि साक्षीदार लागतात. म्हणून पुढच्या सोलापूर ट्रिपलाच करून टाका, ओसीआयला मुलांसाठी तोच दाखला परत लागणार आहे.

दाखला नुसता मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर जोडायचं. भाषांतर करणाऱ्यानं खाली लिहून सही करायची की मला दोन्ही भाषा येतात आणि भाषांतर पूर्ण आणि बरोबर आहे, आपलं नाव, पत्ता, तारीख. बस. नोटरी लागत नाही. मी पहिल्यांदा नोटरी करून घेतली, पैसे वाया. स्वतःच्या कागदाचं भाषांतर मात्र स्वतः करू नका, मैत्रिणीकडून करून घ्या.

आणि प्रवासाची यादी. फॉर्ममध्ये पाच वर्षांतल्या सगळ्या बाहेरच्या फेऱ्या लिहिलेल्या असतात, फॉर्म भरल्यानंतर अजून एखादी झाली असेल तर तारखा एका कागदावर लिहून न्या, ऑफिसर विचारतोच. पासपोर्टवरचे शिक्के पुसट असतात, एअरलाइनची जुनी तिकिटं ईमेलमध्ये शोधा.

३. इंटरव्ह्यू

आत नेतात, उजवा हात वर करून खरं बोलीन अशी शपथ देतात (ही ती मोठी शपथ नव्हे), मग ऑफिसर तुमचा एन-४०० एकेक ओळ घेऊन विचारत बसतो. इंग्रजी बोलण्याची परीक्षा वेगळी नसते, हीच ती. वाचायला तीन वाक्यांपैकी एक बरोबर आलं की झालं, लिहायला पण तसंच. वाक्यं लई सोपी असतात, वॉशिंग्टन, लिंकन, कोण पहिला अध्यक्ष होता असली.

सिव्हिक्सच्या (अमेरिकेचा इतिहास आणि राज्यकारभार) प्रश्नांचं मात्र नीट बघा, कारण दोन पद्धती चालू आहेत आणि यूट्यूबवर अर्धे व्हिडिओ जुने आहेत. तुम्ही अर्ज २० ऑक्टोबर २०२५ किंवा त्यानंतर भरला असेल तर नवीन परीक्षा: १२८ प्रश्नांची यादी, त्यातले २० पर्यंत विचारतात, १२ बरोबर यायला पाहिजेत, १२ बरोबर आले की थांबतात आणि ९ चुकले तरी थांबतात. त्याच्या आधी भरला असेल तर जुनी: १०० ची यादी, १० विचारतात, ६ बरोबर. अर्जाची तारीख बघायची, इंटरव्ह्यूची नाही. नापास झालात तर ६० ते ९० दिवसांत परत एक संधी मिळते, तेवढ्यावरून रडारड नको. आपल्या राज्याचा गव्हर्नर, सिनेटर ही उत्तरं इंटरव्ह्यूच्या आदल्या दिवशी परत बघा, मधे निवडणूक झालेली असते आणि आपण जुनंच पाठ करून जातो.

घरात वयस्कर माणसं असतील तर त्यांना सवलत आहे. ५० च्या वर वय आणि २० वर्षं ग्रीन कार्ड, किंवा ५५ च्या वर आणि १५ वर्षं, असं असेल तर इंग्रजीची परीक्षा नाही, सिव्हिक्स आपल्या भाषेत दुभाष्यामार्फत. ६५ च्या वर आणि २० वर्षं असतील तर प्रश्नांची यादीच छोटी, २० प्रश्नांची. आता सोलापूरची गंमत अशी की आपल्याकडं आजी बाजारात मराठी बोलते आणि घरात कन्नड नाहीतर तेलुगू. अशा आजीला मराठीचा दुभाषी देऊ नका. आमच्या ओळखीत हे झालंय, आजींना संविधान शब्द कळेना, शेवटी कन्नडमध्ये विचारलं असतं तर फाडफाड सांगितलं असतं.

"तुम्ही कधी" ने सुरू होणारे प्रश्न लांबलचक असतात. कधी खोटं सांगून अमेरिकन सिटिझन म्हणवलंय का, कधी इथं मतदान केलंय का, कधी कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य होता का. या शेवटच्या प्रश्नाला मी दचकले. माझी आजी विड्या वळायची, लाल बावट्याच्या मोर्च्यात पुढं असायची, आमच्या घरावर झेंडा होता. सोलापुरात विडी कामगारांच्या नाहीतर यंत्रमागाच्या घरात हे काय नवीन नाही. पण प्रश्न तुमच्याबद्दल आहे, आजीबद्दल नाही, ती कथा तिथं सुरू करू नका. तुम्ही स्वतः पक्षाचं कार्ड घेतलेलं असेल तर मात्र लपवायचं नाही, फॉर्म भरायच्या आधीच वकिलाशी बोलायला पाहिजे होतं, अजून बोलला नसाल तर आज बोला, कारण मागच्या दहा वर्षांतली सदस्यता अर्जाला अडवू शकते.

अजून एक आपली सवय, प्रश्न पूर्ण व्हायच्या आधीच मान हलवायची. ती मान हो म्हणते की नाही हे आपल्यालाच कळतं. तोंडानं येस किंवा नो म्हणा. शब्द कळला नाही तर परत विचारा, ते सोपं करून सांगतात, कळलं नसताना येस म्हटलं की पंचाईत.

शेवटी एक कागद देतात, त्यावर निकाल असतो. मंजुरीची शिफारस लिहिली असेल तर छान, निर्णय अजून घेता येत नाही असं लिहिलं असेल तर घाबरू नका, कागद अजून तपासायलेत. १२० दिवस झाले आणि काहीच उत्तर नाही तर कोर्टात जायचा हक्क आहे. पण एक लक्षात ठेवा, पास झालात तरी अजून सिटिझन झाला नाहीत. फेसबुकवर पेढे वाटा, मतदार नोंदणीच्या टेबलाकडं मात्र शपथेच्या आधी फिरकू नका.

४. नावाचा घोळ

यावर वेगळं लिहायला पाहिजे इतकं आहे. आपल्याकडं कुणाच्या पासपोर्टवर आडनावच नाही, कुणाचं वडिलांचं नाव आडनावाच्या जागी, कुणाच्या ग्रीन कार्डवर पहिल्या नावाच्या जागी "एफएनयू", म्हणजे पहिलं नाव माहीत नाही. बायकांचं माहेरचं एक, सासरचं एक, पॅनवर तिसरंच.

इंटरव्ह्यूत विचारतात नाव बदलायचंय का. नागरिकत्वाच्या सर्टिफिकेटवर (नॅचरलायझेशन सर्टिफिकेट, शपथेनंतर मिळतं) कायदेशीर नवीन नाव येतं, वेगळा खर्च नाही, त्यामुळं मोह होतो. पण नाव बदलायचा अधिकार कोर्टाचा, म्हणून मग शपथ कोर्टात न्यायाधीशासमोर, आणि त्याची तारीख उशिरा मिळू शकते. दुसरं म्हणजे सोलापुरातले सगळे कागद जुन्या नावाचे राहतात. माझ्या एका वर्गमैत्रिणीनं वडिलांचं नाव काढून टाकून नाव सुटसुटीत केलं, आता बँकेत, पॅनवर, सातबाऱ्यावर, सगळीकडं तीच ती नाव बदलाची कागदपत्रं घेऊन फिरतेय. घोळ खरंच असेल तर आत्ताच नीट करून घ्या, हीच वेळ आहे. नुसतं ऑफिसातल्या लोकांना उच्चारायला सोपं जावं म्हणून करणार असाल तर राहू द्या, त्यांना शिकू द्या.

५. शपथेचा दिवस

एन-४४५ नावाचं पत्र येतं, त्यात तारीख, जागा आणि मागं प्रश्न. इंटरव्ह्यूनंतर लग्न केलं का, देशाबाहेर गेला का, पोलिसांनी पकडलं का वगैरे. हे प्रश्न त्याच दिवशी भरायचे, आठवडाभर आधी भरून ठेवायचे नाहीत, कारण मधे काहीही होऊ शकतं. इंटरव्ह्यूनंतर भारतात जाऊन आला असाल तर खरं लिहा आणि तारखा बरोबर ठेवा, नुसत्या जाण्यानं काही बिघडत नाही.

घरातून निघायच्या आधी ग्रीन कार्डच्या दोन्ही बाजूंचा फोटो काढा, ते परत दिसणार नाही. कपडे नीटनेटके. माझ्या शेजारी नायजेरियाचे एक काका पूर्ण पारंपरिक पोशाखात होते आणि मी ऑफिसच्या कुर्त्यात, मला जरा लाजच वाटली, इरकल साडी पेटीत पडून होती.

देशांची नावं घेतात, तुमचा देश आला की उभं राहायचं. मग शपथ, मागून मागून म्हणायची. त्यात आधीच्या देशाची निष्ठा पूर्णपणे सोडते असं वाक्य येतं. ते म्हणताना घशात काहीतरी होतं, सगळ्यांनाच होतं बहुतेक, त्याचं काही गाइड नाही.

६. सर्टिफिकेट हातात आलं की आधी वाचा, मग सेल्फी

नाव, स्पेलिंग, जन्मतारीख, आधीचा देश, फोटो. जन्मतारीख विशेष बघा, अमेरिकेत महिना आधी लिहितात, ५ नोव्हेंबरचा ११ मे व्हायला वेळ लागत नाही. चूक असेल तर दारातून बाहेर पडायच्या आधी तिथल्या माणसाला दाखवा. घरी जाऊन कळलं तर वेगळा फॉर्म भरायचा आणि पुढं सगळं थांबलं, आणि चूक त्यांची नसून तुमची असेल तर फी पाचशे डॉलरच्या वर. सही करा. लॅमिनेशन करू नका, आपल्याकडं दाखला दिसला की लॅमिनेट करायची खोड आहे, बाबा पहिलं तेच म्हणाले.

सर्टिफिकेटवर कॉपी काढण्याबद्दल धमकीवजा ओळ छापलेली असते. ती बघून मी दोन दिवस झेरॉक्स काढलीच नाही. कायदेशीर कामासाठी कॉपी काढता येते, पासपोर्टला ती लागतेच. रंगीत दोन-तीन कॉप्या काढून आणि स्कॅन करून ठेवा, कारण पुढच्याच पायरीला ओरिजिनल तुमच्या हातातून जाणार आहे.

७. अमेरिकन पासपोर्ट

दुसऱ्याच दिवशी करा. डीएस-११ फॉर्म, पोस्ट ऑफिस किंवा लायब्ररी किंवा काउंटी क्लार्ककडं अपॉइंटमेंट घेऊन स्वतः जायचं. फॉर्मवर घरून सही करून जाऊ नका, त्यांच्यासमोर करायची असते. लागतं काय: ओरिजिनल सर्टिफिकेट, त्याची कॉपी, लायसन्स आणि त्याची कॉपी, दोन बाय दोन इंचाचा फोटो, मोठ्या माणसाला १३० डॉलर फी आणि तिथल्या काउंटरचे ३५. घाई असेल तर वर ६० देऊन एक्सपीडाइट. मी ते ६० दिले, आणि तुम्ही पण द्या, कारण पुढची रांग या पासपोर्टशिवाय सुरूच होत नाही.

पासपोर्ट एका पाकिटात येतो, सर्टिफिकेट वेगळ्या पाकिटात नंतर. पासपोर्ट आला आणि सर्टिफिकेट नाही म्हणून माझं चार दिवस जेवण गोड लागलं नाही.

मधल्या काळात सोशल सिक्युरिटीच्या ऑफिसात स्टेटस बदललंय का ते बघून घ्या. आणि १८ खालची मुलं ग्रीन कार्डवर तुमच्याजवळ राहत असतील तर ती तुमच्याबरोबर आपोआप सिटिझन झालेली असतात, त्यांचा पण पासपोर्ट काढा. मग त्यांचे भारतीय पासपोर्ट पण सरेंडर करायचे, हे विसरतात लोक.

८. भारतीय पासपोर्ट सरेंडर

हे व्हीएफएस ग्लोबल या, दूतावासासाठी अर्ज घेणाऱ्या कंपनीमार्फत होतं. ऑनलाइन फॉर्म, प्रिंट, ओरिजिनल भारतीय पासपोर्ट, अमेरिकन पासपोर्टची कॉपी, नॅचरलायझेशन सर्टिफिकेटची कॉपी. तुमच्या राज्याला कुठलं भारतीय दूतावास लागू आहे ते आधी बघा, चुकीच्या ठिकाणी पाठवलं की परत. त्यांच्या साइटवरची यादी प्रिंट करून एकेका कागदासमोर टिक मारा, माझ्या बाबांच्या हिशोबाच्या वहीसारखं. पासपोर्ट रद्द करून परत देतात आणि सोबत सरेंडर सर्टिफिकेट. ते सर्टिफिकेट जन्मभर जपायचं, त्याशिवाय ओसीआय पुढं सरकत नाही.

उशीर करू नका. जेवढा जास्त दिवस ठेवाल तेवढा दंडाचा धोका.

९. ओसीआय

फॉर्म भारत सरकारच्या ओसीआय साइटवर, दोन भागात. फोटो आणि सही अपलोड करायची. माझं इथंच अडकलं. सही चौकटीच्या बाहेर गेली, आणि नाव मी सवयीनं भारतीय पासपोर्टसारखं लिहिलं. नाव अमेरिकन पासपोर्टवर जसं आहे अक्षर न अक्षर तसंच लिहायचं. जुन्या नावात आणि नवीन नावात फरक असेल तर तो का, याचा कागद जोडायचा. फी अमेरिकेतून २७५ डॉलर, वर व्हीएफएस आणि कुरिअरचे. लहान मुलांच्या अर्जाला आई-बाप दोघांच्या सह्या, जन्मदाखला आणि तोच तो लग्नाचा दाखला.

ओसीआय यायच्या आधी घरी काही झालं तर? ई-व्हिसा हा एक रस्ता आहे. पण त्या फॉर्ममध्ये आधीचं नागरिकत्व विचारतात, सरेंडर सर्टिफिकेट हातात असलं की निर्धास्त. अगदी जवळचं माणूस गेलं, आयसीयूत आहे, तर दूतावासाकडं इमर्जन्सी व्हिसाची सोय असते, हॉस्पिटलचा किंवा मृत्यूचा कागद घरच्यांना लगेच व्हॉट्सअॅपवर टाकायला सांगा.

कार्ड आल्यावर: अमेरिकन पासपोर्ट नवीन झाला की २० वर्षांपर्यंतच्या मुलांना दर वेळी, आणि मोठ्यांना ५० नंतर एकदा, नवीन पासपोर्ट आणि फोटो साइटवर अपलोड करावा लागतो, तीन महिन्यांच्या आत, फुकट.

१०. सोलापुरात उरलेली कामं

ही बरीचशी आई-बाबा करू शकतात, त्यांना हा भाग वाचून दाखवा.

मतदार यादी: तुमचं नाव अजून असेल तर ७ नंबरचा फॉर्म भरून काढायचं. "राहू दे की, मतदानाला आलीस तर उपयोगी पडंल" असं बाबा म्हणाले. ओसीआय म्हणजे मतदार नव्हे बाबा.

बँक: साधं बचत खातं अजून तसंच असेल तर ते एनआरओ (परदेशात राहणाऱ्यांचं खातं) करायला पाहिजे, खरं तर परदेशात राहायला गेलात तेव्हाच करायला पाहिजे होतं. आता केवायसीला अमेरिकन पासपोर्ट आणि ओसीआयची कॉपी द्या. पॅन तोच चालतो.

जमीन: इथं लई जण फसतात. ओसीआयवाल्याला शेतजमीन विकत घेता येत नाही, फार्महाउस पण नाही. वारसानं आलेली ठेवता येते. आमची मंगळवेढ्याकडं थोडी ज्वारीची रानं आहेत, बाबांनंतर सातबाऱ्यावर माझं नाव लागू शकतं, त्याला अडचण नाही. पण चुलतभाऊ दर वेळी म्हणतो, "शेजारची दोन एकर निघालीय, डॉलरमध्ये काय फरक पडतोय बे तुला, घेऊन टाक, नाव नंतर बघू." नाव नंतर बघू, यातच सगळं आलं. जुळे सोलापुरात फ्लॅट घ्या, त्याला कुणी अडवत नाही.

आणि प्रवासाच्या दिवशी अमेरिकन पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड दोन्ही हातातल्या पर्समध्ये. चेक-इन काउंटरला बोर्डिंग पास द्यायच्या आधीच ओसीआय मागतात, आणि माझ्या पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांचं कार्ड वजन करून बेल्टवर गेलेल्या बॅगेत होतं.